प्रवेशाचा अदमास

आपल्या भाषेत 'नंबर लागणे' असा एक वाक्प्रचार आहे. नळावर पाण्यासाठी नंबर लागतो, दवाखान्यात नंबर लागतो, आणि बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे घराघरांतून हाच प्रश्न निराळ्या अर्थाने ऐकू येतो : 'पोरीचा नंबर लागेल का?' नळावरच्या रांगेत उभा राहिलेला मनुष्य, उशिरा का होईना, नळापाशी पोहोचतो. परंतु ज्या संस्थांत एकेका जागेमागे दहा-दहा, पन्नास-पन्नास उमेदवार उभे असतात, तेथील रांग मध्येच कोठेतरी तोडली जाते. ती कोठे तुटेल, आणि आपले मूल तुटण्याच्या अलीकडे असेल की पलीकडे, हे आधी सांगता येते काय? येत असल्यास कितपत? या प्रश्नाचा विचार आज आपण करणार आहोत; आणि तो करण्यासाठी मी आपणांस बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात घेऊन जाणार आहे.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या अंगाने पसरलेली ही वसाहत लहान-लहान कारखान्यांची आहे. जवळच जालहळ्ळीला सरकारी यंत्रकारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आसपास सुटे भाग करणाऱ्यांची, साचे घडविणाऱ्यांची, मुलामा देणाऱ्यांची ही दुनिया वाढली. येथे देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली या बाजूची मराठी माणसेही आहेत. कोणी लेथवर उभा असतो, कोणी तपासणी विभागात असतो, कोणी दोन यंत्रे घेऊन स्वतःची शेड चालवितो. यांची मुले बंगळूरच्याच शाळांत शिकतात, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलतात, आणि बारावीला पोहोचतात तेव्हा त्यांच्या वडिलांच्या मनात आय.आय.टी. हे नाव घोळू लागते. सरकारी कचेरीत पुष्कळ वर्षे अर्ज, याद्या आणि दाखले यांच्याशी संबंध आल्यामुळे अशा मंडळींकडून मला नेहमी विचारले जाते, 'साहेब, अंदाज काय वाटतो?'

पीण्याचीच निवड मी केली, याला कारण आहे. येथील मनुष्य माप घेण्यात तरबेज आहे. ड्रॉइंगवर पंचवीस मिलिमीटर असे लिहिलेले असले तर तो पहिल्याने विचारतो, 'टॉलरन्स किती?' अधिक-उणे किती चालेल हे सांगितल्याशिवाय नुसते पंचवीस या आकड्याला त्याच्या लेखी अर्थ नसतो. कारण कोणतेही यंत्र तंतोतंत पंचवीसचा तुकडा दर वेळी देत नाही आणि कोणतेही मापक तो दाखवीतही नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु हाच मनुष्य संध्याकाळी घरी येतो, आणि शिकवणी वर्गातून आलेला कागद पाहतो. त्यावर लिहिलेले असते : 'अपेक्षित क्रमांक अकरा हजार.' येथे मात्र तो टॉलरन्स विचारीत नाही. अकरा हजार हा आकडा तो खरा मानतो, त्यावर कर्ज काढतो, मुलीशी त्याच आकड्याच्या भाषेत बोलतो. माझे आजचे म्हणणे थोडक्यात हेच आहे की, प्रवेशाचा अदमास हे एक माप आहे. मापाचे सर्व नियम त्याला लागू आहेत. आणि माप घ्यावयाचे ते पुढे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी.

प्रथम काही खोटी मापे बाजूला करू.

पहिले खोटे माप म्हणजे सरसकट गुणोत्तर. २०२४ साली संयुक्त प्रवेश परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे जेईई मेनला, चौदा लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. तेवीस आय.आय.टीं.मध्ये मिळून त्या वर्षी १७,७४० जागा होत्या. भागाकार केला तर ऐंशींत एक असे उत्तर येते, आणि ते ऐकून बाप म्हणतो, 'मग आपला कसला लागतो!' दुसरा एक जण सांगतो की, खरी स्पर्धा दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डमध्ये. तिचे दोन्ही पेपर त्या वर्षी १,८०,२०० जणांनी दिले, म्हणजे दहांत एक. ते ऐकून त्याच बापाला धीर येतो. वस्तुतः यांपैकी कोणताच आकडा त्याच्या मुलीचा नव्हे. ही सोडत नाही. टोपीतून चिठ्ठ्या काढण्याचा प्रकार असता तर सर्वांची संधी सारखी असती. जिची तयारी पूर्ण आहे तिची संधी ऐंशींत एकाहून कितीतरी अधिक आहे, आणि ज्याने पुस्तक उघडलेले नाही त्याची दहांत एकाहून कितीतरी कमी. गुणोत्तरावरून दार किती अरुंद आहे एवढे कळते. आपण त्यात बसतो की नाही हे कळत नाही.

याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. त्याच वर्षी ॲडव्हान्स्डमध्ये ४८,२४८ विद्यार्थी पात्र ठरले. 'मुलगा ॲडव्हान्स्ड पास झाला' म्हणून पेढे वाटले जातात, आणि काही आठवड्यांनी जागा नाही असे कळते. पात्र ठरलेल्यांची संख्या जागांच्या अडीच पटींहून अधिक होती, हे आधी पाहिले असते तर पेढे वाटण्यास हरकत नव्हती, परंतु दुसरा अर्ज भरण्याचे राहून गेले नसते.

दुसरे खोटे माप टक्केवारीचे. जेईई मेनचा निकाल पर्सेंटाइलमध्ये मिळतो. मराठीत त्याला शतमक म्हणतात. ही परीक्षा कारखान्यासारखी अनेक पाळ्यांत चालते. एका पाळीची प्रश्नपत्रिका सोपी, दुसरीची कठीण, असे होणारच. म्हणून प्रत्येकाला त्याच्या पाळीतील किती जणांच्या वर तो आहे त्यावरून हा शतमक देतात. आता शाळेच्या सवयीने आपण नव्वद म्हटले की खूष होतो. परंतु चौदा लाख विद्यार्थ्यांत नव्वद पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे सुमारे एक लाख चाळीस हजार जण उभे आहेत. सत्त्याण्णव म्हणजे बेचाळीस हजार, नव्व्याण्णव म्हणजे चौदा हजार. अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव यांत कागदावर एकाचे अंतर दिसते. माणसांत मोजले तर ते चौदा हजारांचे आहे. म्हणून शतमक आला की त्याचे माणसांत रूपांतर केल्याशिवाय त्याविषयी एक शब्दही बोलू नये, असा नियमच घरात करावा.

शिवाय हे दारही एका जागी स्थिर नसते. मेनमधून ॲडव्हान्स्डला जाण्यासाठी खुल्या प्रवर्गाची किमान मर्यादा २०२२ साली सुमारे ८८.४ होती. २०२३ साली ती ९०.८ झाली आणि २०२४ साली ९३.२. मुले दोन वर्षांत एकाएकी इतकी हुशार झाली, असा याचा अर्थ नव्हे. पुढे जाणाऱ्यांची संख्या सर्व प्रवर्ग मिळून अडीच लाख अशी ठरलेली आहे. परीक्षेला बसणारे २०२२ मध्ये नऊ लाखांच्या आसपास होते, ते २०२४ मध्ये चौदा लाखांवर गेले. माणसे वाढली, जागा तेवढ्याच राहिल्या, म्हणून रेषा वर सरकली. थोरल्या भावाचे नव्वद आणि धाकट्या बहिणीचे नव्वद यांची तुलना करणाऱ्या घराने हे ध्यानी धरावे. धाकटीचे नव्वद हे थोरल्याच्या नव्वदांपेक्षा पुष्कळ अधिक मुलांना मागे टाकून मिळविलेले असतील, आणि तरीही तिला तेच दार बंद दिसेल.

तिसरे खोटे माप आपल्याला रस्त्यावरच्या फलकांवर दिसते. हसऱ्या मुलांची छायाचित्रे, त्यांच्याखाली क्रमांक, आणि वर वर्गाचे नाव. हा अंश झाला. छेद कोठे आहे? छायाचित्रातील चाळीस मुले किती हजारांतून निवडली गेली, त्यांतील किती जण दोन वर्षे वर्गात होते आणि किती जणांनी फक्त शेवटची सराव परीक्षा दिली, हे फलक सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र छापताना त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही सांगावे, असे बंधन घातले आहे. तत्त्वे चांगली आहेत. तथापि छेद विचारण्याचे काम शेवटी पालकानेच करावयाचे असते.

मग खरे माप कसे घ्यावे?

त्यासाठी आपण एक कुटुंब कल्पू. वडील मूळचे निपाणीचे, पीण्यात टर्नर आहेत. वर्षाचे उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. मुलगी दुसऱ्या वर्षाच्या पी.यू.सी.त, म्हणजे बारावीत आहे. शिकवणी वर्गाच्या सराव परीक्षांत तिचा क्रमांक पंचविसांत तिसरा येतो. परंतु वर्गातला तिसरा म्हणजे देशातला कितवा, हे त्यावरून कळत नाही. म्हणून तिने मागील वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, घड्याळ लावून, एका बैठकीत, पूर्ण तीन तास बसून सोडवाव्यात. अशा निदान आठ. त्या-त्या वर्षी तितक्या गुणांना साधारण किती शतमक मिळाला होता ते पाहावे. आठांतील सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट असे दोन निकाल बाजूला ठेवावेत. उरलेले सहा ९६ आणि ९८ यांच्या दरम्यान आले असे समजा. चौदा लाखांच्या हिशेबाने तिचा क्रमांक अठ्ठावीस हजार ते छप्पन हजार यांच्यामध्ये कोठेतरी येईल. हा झाला तिचा टॉलरन्स. तो मोठा आहे, म्हणून तो निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. अकरा हजार या एकट्या आकड्यापेक्षा तो अधिक खरा आहे, आणि खऱ्या आकड्यावर काम करता येते.

आता या पट्ट्याची गाठ दारांशी घालावयाची. २०१५ पासून आय.आय.टी., एन.आय.टी. आणि इतर केंद्रीय संस्थांच्या जागा एकत्रितपणे वाटल्या जातात, आणि प्रत्येक संस्थेची प्रत्येक शाखा कोणत्या क्रमांकाला सुरू झाली व कोणत्या क्रमांकाला बंद झाली, हे जाहीर केले जाते. ही यादी फुकट मिळते, आणि कोणत्याही भविष्यवेत्त्यापेक्षा तिचे मोल अधिक आहे. मुंबई आय.आय.टी.ची संगणकशास्त्र शाखा खुल्या प्रवर्गात गेली काही वर्षे देशातील साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास बंद होते. दुसऱ्या एखाद्या संस्थेची दुसरी शाखा हजारोंच्या पलीकडे उघडी राहते. 'आय.आय.टी.त नंबर लागेल का' हा प्रश्न म्हणून अपुराच आहे. कोणती संस्था, कोणती शाखा, कोणता प्रवर्ग, हे सांगितल्यावरच त्याचे उत्तर देता येईल. यादीही एका वर्षाची पाहू नये. तीन-चार वर्षांची शेजारी-शेजारी ठेवावी. म्हणजे दार किती हलते, तेही दिसते. मुलींनी आणखी एक स्तंभ पाहावा : २०१८ पासून आय.आय.टीं.मध्ये मुलींसाठी वाढीव जागा आहेत, आणि त्यांचे बंद होण्याचे क्रमांक वेगळे दिलेले असतात.

असे केले म्हणजे सर्व दारे तीन ओळींत मांडता येतात. पट्ट्याचे चांगले टोकही जेथे पोहोचत नाही ती उंच दारे. पट्टा जेथे मध्यावर छेदतो ती बरोबरीची. आणि वाईट टोक धरूनही जी उघडी राहतात ती हाताशी असलेली. आपल्या टर्नरच्या मुलीला ॲडव्हान्स्डला बसण्याची संधी जवळजवळ निश्चित आहे, कारण तिचे वाईट टोकही २०२४ च्या ९३.२ या रेषेच्या बरेच वर आहे. आय.आय.टी.ची नामांकित शाखा तिच्यासाठी उंच आहे. परंतु ॲडव्हान्स्ड ही निराळ्या स्वभावाची परीक्षा असल्यामुळे तेथे अर्ज न करण्याचे कारण नाही. एन.आय.टी.च्या काही शाखा बरोबरीच्या ठरू शकतील. आणि हाताशी असलेल्या ओळीत राज्याच्या सीईटीतून मिळणारी महाविद्यालये येतात. ही तिसरी ओळ लिहिताना पुष्कळांचा हात जड होतो. बंगळूरचेच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने १९१७ साली ते स्थापन झाले. स्वतः विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते. अशी महाविद्यालये ज्या ओळीत आहेत ती ओळ लाजेने लिहावी अशी नाही.

या ठिकाणी परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा एक खास प्रश्न येतो. 'आपण कुठले?' असे विचारले तर आमचा टर्नर म्हणतो, 'निपाणीचा'; सांगलीहून आलेला त्याचा शेजारी म्हणतो, 'सांगलीचा'. प्रवेशाच्या नियमांचे उत्तर वेगळे असते. एन.आय.टीं.मध्ये निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात, आणि विद्यार्थी कोणत्या राज्याचा हे ठरते तो बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. मातृभाषा कोणती, मूळ गाव कोणते, आजोबांची शेती कोठे, हे तेथे विचारले जात नाही. पीण्यात राहून बारावी झालेल्या मुलीचे घरचे एन.आय.टी. म्हणजे सुरतकल, नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान तिच्यासाठी परराज्यातले. उलट, दहावीनंतर तिला आजीकडे कोल्हापूरला शिकायला पाठविले तर नागपूर घरचे होते आणि सुरतकल परके.

कर्नाटकाच्या सीईटीचा हिशेब आणखी वेगळा. सर्वसाधारण नियमाने राज्यातील जागांसाठी पहिली ते बारावी या काळात निदान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे लागते. अभियांत्रिकीच्या क्रमांकात पी.यू.सी.च्या भौतिक, रसायन आणि गणित या विषयांच्या गुणांना निम्मे वजन असते, आणि सीईटीच्या गुणांना निम्मे. जेईईच्या नादात पी.यू.सी.ची परीक्षा वाऱ्यावर सोडणारी मुले येथे मार खातात. हाताशी असलेले दार त्यांनी आपल्याच हाताने लोटलेले असते. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, हे अनेकांनी ऐकलेले असते. परंतु तो सीमाभागात शिकलेल्यांसाठी आहे. आडनाव निपाणीचे आणि शाळा बंगळूरची, अशा मुलीला तो लागू होत नाही. आई किंवा वडील यांपैकी कोणाकडे महाराष्ट्राचा अधिवास दाखला असल्यास त्याचा प्रश्न निराळा. तो त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. सांगण्याचा मुद्दा हा की, हे सर्व दहावीच्या सुट्टीत पाहावयाचे असते. मुलीच्या अभ्यासाइतकाच तिच्या शाळेच्या पत्त्याचाही तिच्या संधीवर परिणाम होतो, आणि बारावीनंतर पत्ता बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. कित्येक घरांत अदमास मार्कांपाशी पोहोचतच नाही. तो फीच्या आकड्यापाशीच थांबतो. आय.आय.टी.ची शिकवणी फी वर्षाला दोन लाख, हे ऐकले की चार लाख मिळविणारा बाप विषय बंद करतो. परंतु ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक ते पाच लाखांच्या दरम्यान आहे, त्याला या फीत दोन-तृतीयांश सूट मिळते. एक लाखाच्या आतील उत्पन्नाला, तसेच अनुसूचित जाती, जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. म्हणजे आमच्या टर्नरला दोन लाखांच्या जागी सत्तर हजारांच्या आत भरावे लागतील. वसतिगृह आणि भोजन यांचा खर्च वेगळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पी.एम. विद्यालक्ष्मी योजनाही मंजूर केली. तीत निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. याउलट पुष्कळदा असे दिसते की, शिकवणी वर्गाला दोन वर्षांत जो पैसा जातो तो या सवलतीनंतरच्या फीहून अधिक असतो, आणि तो मात्र कोणी न विचारता भरला जातो.

परदेशी विद्यापीठांचा एक शब्द येथेच सांगून टाकतो; कारण ज्याची शेड चांगली चालली आहे असा कारखानदार हल्ली त्याविषयीही विचारतो. अमेरिकेतील हार्वर्डमध्ये २०२४ च्या प्रवेशासाठी सुमारे चोपन्न हजार अर्ज आले आणि दोन हजारांहून कमी जणांना होकार मिळाला. शंभरांत चारही नाहीत. आपल्याकडे निदान बंद होण्याचा क्रमांक तरी जाहीर असतो. तेथे क्रमांकच नसतो. गुण, निबंध, शिक्षकांची पत्रे, मुलाने शाळेबाहेर काय केले, हे सर्व एकत्र पाहून समिती निर्णय घेते. म्हणून तेथे आपला पट्टा कितीही वर असला तरी असे प्रत्येक दार उंचच समजावे. फीच्या मदतीचाही नियम पाहावा : हार्वर्ड किंवा एम.आय.टी. यांसारखी थोडी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला मदत हवी आहे म्हणून त्याला मागे ठेवीत नाहीत. इतर अनेक ठिकाणी मदतीची मागणी हीच संधी कमी करते.

आता सर्वांत नाजूक भाग. हा अदमास मुलीला सांगावा की न सांगावा?

काही मंडळी म्हणतात, आकडे सांगून मुलांचा धीर खचवू नये. प्रयत्न करावा, फळाची चिंता करू नये. या विचारात तथ्य आहे. परंतु फळाची चिंता न करणे वेगळे आणि फळाविषयी अज्ञानात राहणे वेगळे. शेतकरी पावसाची चिंता करीत बसत नाही, तरी नक्षत्र पाहूनच पेरणी करतो. मुलीला पट्टा सांगावा, तो कसा काढला तेही सांगावे. शक्य तर तिच्याच हाताने काढू द्यावा. म्हणजे तो तिच्या हातातले साधन होतो. आपण काढून तिच्यापुढे टाकला तर तो निकालपत्र होतो. माप तिच्या आठ प्रश्नपत्रिकांचे घेतले आहे, तिचे स्वतःचे नव्हे, हा भेद घरातील सर्वांच्या, विशेषतः वडिलांच्या, बोलण्यात दिसला पाहिजे. कारखान्यात गेजमध्ये न बसलेला तुकडा खोक्यात टाकला जातो. घरात हा नियम लावता येत नाही. राजस्थानातील कोटा शहरात शिकवणीसाठी गेलेल्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी घेऊ नये, क्रमांकाची हमी देऊ नये, असे केंद्र सरकारला जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगावे लागले. हमी देणारा दुकानदार आणि टॉलरन्स न विचारणारा बाप, या दोघांमध्ये सापडलेल्या मुलाला आपल्या एका चुकलेल्या पेपराहून स्वतःला निराळे करता येत नाही.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, याही प्रश्नाला पट्ट्यावरून उत्तर मिळते. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. म्हणजे ही संधी एकदाच खर्च करता येण्याजोगी आहे. परीक्षेचा निकाल पट्ट्याच्या बराच खाली लागला असेल, ताप आला होता, एखाद्या विषयाचा अभ्यासच अपुरा राहिला होता, तर थांबण्यात अर्थ आहे. कारण कोठे दुरुस्ती करावयाची ते ठाऊक आहे. निकाल पट्ट्याच्या मध्यावरच लागला असेल आणि मुलगीही थकली असेल, तर नुसत्या आशेवर वर्ष घालविण्यापेक्षा बरोबरीचे किंवा हाताशी असलेले दार उघडून आत जावे, हे बरे. अदमासाचा खरा उपयोग तो हाच : किती अर्ज करावयाचे, कोठे करावयाचे, किती पैसा लावावयाचा आणि कोठे थांबावयाचे, हे निकालाच्या आधी, डोके शांत असताना ठरविता येते.

श्रोतेहो, शेवटी पीण्याचीच एक गोष्ट सांगतो. ती इतिहासात नोंदलेली आहे. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रशियातून अवकाशात गेला. सुमारे तीनशे साठ किलो वजनाचा तो उपग्रह याच पीण्याच्या औद्योगिक शेडमध्ये बांधला गेला. त्या कामाचे प्रमुख होते उडुपीजवळच्या अदमारू गावात जन्मलेले डॉ. उडुपी रामचंद्र राव. बी.एस्‌सी. त्यांनी अनंतपूरच्या सरकारी महाविद्यालयातून केली, एम.एस्‌सी. बनारसला, आणि डॉक्टरेट गुजरात विद्यापीठाची, विक्रम साराभाईंच्या मार्गदर्शनाखाली. अमेरिकेतील एम.आय.टी.मध्येही ते गेले. परंतु विद्यार्थी म्हणून नव्हे, डॉक्टरेट झाल्यावर, संशोधक म्हणून. थोर संस्थांना काही अर्थ नाही, असे मी यावरून सुचवीत नाही. चांगली संस्था चांगले गुरू, चांगले सोबती आणि चांगली प्रयोगशाळा देते. तेथे जाण्यासाठी झटणे योग्यच आहे. परंतु अनंतपूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या त्या तरुणाचा अदमास त्या दिवशी कोणी काढला असता, तर त्यात उपग्रह आला नसता. सतराव्या वर्षी घेतलेले माप सतराव्या वर्षापुरतेच असते.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. आकडा एकच सांगितला गेला तर टॉलरन्स विचारा. छायाचित्रे दाखविली गेली तर छेद विचारा. तिन्ही ओळी कागदावर लिहा, आणि तिसरी ओळ रिकामी ठेवू नका. मग तो कागद मुलीच्या हाती द्या, आणि तिला शांतपणे अभ्यासाला बसू द्या.